गेली की घालवली?

बांद्याची काकी रविवारी दुपारी येते. सावंतवाडीच्या बाजारात तेव्हा सामसूम असते आणि मी शटर अर्ध्यावर ओढून आठवड्याचा हिशेब करत बसलेलो असतो. ती वाकून आत शिरते, पिशवी बाकड्यावर ठेवते आणि गुरांच्या डॉक्टरपुढे आजारी वासरू उभं करावं तसा फोन माझ्यापुढे ठेवते.

"बघ रे बाबा. वाजता, तो उचलता, आनि मगे कनेक्टिंग, कनेक्टिंग. त्येका माजा तोंड दिसणा नाय, माका त्येचा दिसणा नाय."

तिचा झिल, म्हणजे मुलगा, शारजात एसी दुरुस्त करतो. माझं दुकान म्हणजे सातबारा, पॅन कार्ड, दाखले, गणपतीच्या गाड्यांची तिकिटं, झेरॉक्स आणि लॅमिनेशन. फोन दुरुस्ती पाटीवर नाही. पण ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्याला सगळ्याच यंत्रांचे आजार कळतात असा आमच्याकडे समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही, धंद्याला बरा असतो.

पहिल्यांदा आली तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तिने आधी सिम बदललं होतं, मग फोनच बदलला होता, तोही हप्त्यावर. मी तिला सांगितलं की फोन ठणठणीत आहे. तिकडचं सरकारच व्हॉट्सॲपवरून बोलू देत नाही. मेसेज जातो, फोटो जातो, आरतीचा व्हिडिओ जातो, कॉल तेवढा जात नाही.

"बोलण्यान काय व्हता त्येंचा?" काकीने विचारलं.

ह्याची उत्तरं दोन. अमिरातीत इंटरनेटवरून बोलायचं तर तिथल्या परवानाधारक कंपन्यांमार्फत, त्यांना मंजूर असलेल्या ॲपवरून, महिन्याचं वेगळं पॅक घेऊन बोलायचं. मोबाइलवरच्या अशा पॅकला ५० दिरहॅम लागायचे, म्हणजे हजार रुपयांच्या वर. हे पैशाचं उत्तर. दुसरं उत्तर असं की परवाना ज्याच्या हातात, दोरीही त्याच्याच हातात. मी काकीला पहिलंच सांगितलं. दुसरं सांगायला लागलो की ती भिंतीवरचं कालनिर्णय बघायला लागते.

"मगे काल लागलो तो कसो?"

काल लागला, कारण खोलीत राहणाऱ्या आठ जणांपैकी एकाच्या फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवून नेणारं ॲप, होतं. हे मी तिला सांगितलं नाही. गुन्हा करायला किंवा लपवायला व्हीपीएन वापरलं तर तिकडच्या कायद्यात दंड आहे ५ लाखांपासून २० लाख दिरहॅमपर्यंत. नुसतं व्हीपीएन फोनमध्ये असणं हा गुन्हा नव्हे. पण अडवलेला कॉल त्यातून लावून आईला 'जेवलंस काय' विचारणं रेषेच्या अलीकडे पडतं की पलीकडे, हे ठरवणं एसी मेकॅनिकच्या हातात नसतं.

मग एका जूनमध्ये मृगाच्या पावसात दोन दिवस इकडची रेंजच गेली. काकी छत्री मिटत आत आली आणि तिने विचारलं, "रेंज गेली, काय घालयल्यानी?"

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे.

'गेली' म्हटलं की दोष कोणाचा नाही. पाऊस, वीज, वांदर, नशीब. 'घालवली' म्हटलं की मागे कुणाचा तरी हात आला. आणि मालवणी 'घालयल्यानी'तला शेवटचा 'नी' तर बघण्यासारखा आहे. त्यात 'त्यांनी' आहे, पण ते कोण हे सांगावं लागत नाही. लाइट घालयल्यानी, पाणी सोडल्यानी, रस्तो खणल्यानी. आमची सरकारशी पहिली ओळख व्याकरणातच होते.

कोकणात हा प्रश्न फार अवघड आहे, कारण इथे सगळं आपोआपच जात असतं. मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत वर सरकलं तेव्हा खांब आडवे झाले, टॉवर मुके झाले, कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडात तेच केलं. अशा मुलखात कुणी मुद्दाम काही बंद केलं तर ते ओळखायचं कसं?

मला ते एकदा ओळखता आलं नव्हतं. ऑगस्ट २०१७, श्रावण चालू होता. आमचे एक निवृत्त गुरुजी दशावतारावर टिपणं काढत असतात आणि इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी, स्कॅन केलेली मराठी पुस्तकं माझ्याकडून उतरवून घेतात. त्या दिवशी पान उघडेना. चाक फिरत राहिलं. मी मोडेम बंद केला, चालू केला. बाकीच्या साइट उघडत होत्या हे दिसत होतं, तरी राग मोडेमवरच काढला, सवयीने. मग मागच्या परसात केबल बघायला गेलो, कारण आमच्याकडे वांदर केबलवर झोके घेतात. फणसावर एक हुप्प्या बसलाच होता. मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या गुरुजींनी आतून ऐकल्या आणि ऐकल्या नाहीत असं दाखवलं.

दोन दिवसांनी पेपरात आलं. नव्या हिंदी सिनेमांची चोरी थांबवण्यासाठी दक्षिणेतल्या एका हायकोर्टाने अडीच हजारांहून जास्त संकेतस्थळं बंद करायला सांगितली होती. त्या यादीत आख्खं इंटरनेट अर्काइव्ह गेलं. सिनेमाच्या चोरांबरोबर माझे गुरुजीही आत. हुप्प्याची मी अजून माफी मागितलेली नाही.

हे नवीन नव्हतं. २००६च्या जुलैत, मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर, सरकारने मोजकी पानं अडवायला सांगितली होती. कंपन्यांनी सगळं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. डिसेंबर २०१४मध्ये ३२ साइटींच्या यादीत गिटहब गेलं, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम ठेवतात. एका घरात चोर शिरल्याचा संशय आला म्हणून आख्ख्या वाडीला बाहेरून कडी.

पण कडीपेक्षा मला सलते ती कडी लावणाऱ्याची गप्प बसण्याची पद्धत. साध्या, कुलूप नसलेल्या, म्हणजे https नसलेल्या साइटवर गेलात तर निदान एक ओळ दिसायची, दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून हे पान बंद आहे म्हणून. आता जवळजवळ सगळ्या साइट कुलूपवाल्या आहेत. तिथे कंपनी मधल्यामधे जोडणी तोडते, आणि पाटी लावायला जागाच उरत नाही. समोर येतो तो तोच एरर जो केबल तुटल्यावर येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अखाली सरकार साइट बंद करायला सांगतं. त्याचे २००९चे नियम आहेत, त्यातला सोळावा नियम म्हणतो की तक्रार, विनंती आणि कारवाई सगळं गुप्त ठेवायचं. २०१५मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल अटक करू देणारं कलम ६६अ रद्द केलं, पण हे ६९अ ठेवलं. कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे पुढे त्यांना आव्हान देता येतं, असा त्यामागचा एक आधार. तर्क बरोबर आहे. फक्त ज्याने आव्हान द्यायचं त्याला तो लेखी कागद बहुतेकदा दिसत नाही.

माझ्या वडिलांच्या लहानपणी बंदीला चेहरा होता. ते आरोंद्याचे. समोर तेरेखोलची खाडी, पलीकडे पोर्तुगीज. त्यांच्या आत्याला पेडण्यात दिलेली. तिकडे छापायचं ते आधी सेन्सॉरला दाखवायचं, लग्नपत्रिकासुद्धा. आत्याच्या दिराच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली, तिच्यावर तपासून पास केल्याची खूण होती असं वडील सांगायचे. आजीने ती खूण बघून विचारलं म्हणे, "हो कोण पावणो?" घरात तो विनोद पुढे कितीतरी वर्षं चालला. कुठल्याही पत्रिकेत अनोळखी नाव दिसलं की 'हो कोण पावणो?'

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या गोव्यात बातमी हवी असली तर ती हवेतून यायची. २५ नोव्हेंबर १९५५पासून एक गुप्त रेडिओ बोलायला लागला. तारीख मुद्दाम निवडलेली, पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला तो १५१०मध्ये ह्याच दिवशी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो तो चालवत, पोर्तुगीज आणि कोंकणीतून. वडील तेव्हा अकरा वर्षांचे. आरोंद्यात रेडिओ असा एकाच घरी, त्याचं लायसन पोस्टातून काढलेलं, आणि संध्याकाळी त्या पडवीत मुलांना बसायला मिळायचं ते पाय धुऊन आलात तर. पोर्तुगीज कोणाला कळत नसे, कोंकणी कळे. पलीकडच्या काठावर हेच स्टेशन लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत. म्हणजे खाडीच्या एका बाजूला तो गुन्हा आणि दुसऱ्या बाजूला पाय धुऊन करायचं देशकार्य, मधे होडीची काही मिनिटं.

त्या रेडिओची सुरुवात आंबोलीच्या जंगलातून झाली होती. पुढे तो कॅसलरॉकला गेला आणि डिसेंबर १९६१पर्यंत चालला. गोवा मोकळा झाल्याचं ह्याच दोघांनी पणजीवर विमानातून लाउडस्पीकरने सांगितलं. आंबोलीचं वडिलांना म्हातारपणी कळलं, मी वाचून दाखवलं तेव्हा. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्याच डोंगरात व्हती ती. आमी समाजलव दिल्लीची."

आता व्हीपीएनकडे येतो, कारण लोक मला विचारतात हे नेमकं असतं काय.

माझा मामेभाऊ उत्पादन शुल्क खात्यातून रिटायर झाला. त्याची बरीच वर्षं गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्यांवर गेली, इन्सुलीला जास्त. गोव्याची दारू स्वस्त, आपली महाग, त्यामुळे त्या रस्त्यावर माणसाची कल्पनाशक्ती काय काय करते ते त्याने बघितलेलं आहे. सीटखाली चोरकप्पा, टँकरमध्ये दुसरा टँकर, भाजीखाली खोके. इंटरनेटची गंमत अशी की तिथे प्रत्येक गाडीवर कुठे चाललो ते लिहिलेलं असतं. नाक्यावरचा माणूस पाटी वाचतो आणि अडवायच्या गावाचं नाव दिसलं की गाडी परत पाठवतो. व्हीपीएन म्हणजे तुमची गाडी एका बंद कंटेनरमध्ये घालायची आणि कंटेनरवर तिसऱ्याच गावाचं नाव लिहायचं. तिथे पोचल्यावर कंटेनर उघडतो, तुमची गाडी बाहेर पडते आणि हव्या त्या गावाला जाते. नाक्याला दिसतो फक्त कंटेनर.

मग नाका शिकतो. मी मामेभावाला विचारलं होतं, न उघडता कसं कळायचं रे तुला? तो म्हणाला, "मागची टायरां बसलेली आसतत. आनि डायवर आमच्याकडे बघणा नाय." डीप पॅकेट इन्स्पेक्शन म्हणतात ते अगदी हेच. आतला माल दिसत नाही, पण कंटेनरची चाल ओळखू येते. जोडणी सुरू होताना दोन बाजूंमध्ये कसा नमस्कार-चमत्कार होतो, पाकिटं किती लांबीची, किती वेळाने, ह्यावरून हे व्हीपीएन आहे एवढं कळतं, आणि तेवढं कळलं की पुरे. चीनची इंटरनेट अडवणारी भिंत आणखी एक पाऊल पुढे जाते. संशयित सर्व्हरकडे ती स्वतःच गिऱ्हाईक बनून जाते आणि दार ठोठावून बघते. बनावट गिऱ्हाईक पाठवून धाड घालायची पद्धत मामेभावाला सांगितल्यावर तो एवढा खूष झाला की चिन्यांनी ती त्याच्याकडूनच उचलली असावी.

उलट बाजूचे लोकही शिकतात. टॉर ह्या बंदी चुकवणाऱ्या जाळ्याच्या लोकांनी स्नोफ्लेक नावाचा एक प्रकार काढला, त्यात ही वाहतूक व्हिडिओ कॉलसारखी दिसते. म्हणजे वऱ्हाडाच्या गाडीतून जायचं. नाक्याला संशय आला तरी लग्नसराईत सगळ्या वऱ्हाडाच्या गाड्या अडवायची हिंमत कोण करणार? रशियाने २०१८मध्ये टेलिग्राम बंद करायला तशी हिंमत केली. टेलिग्राम ॲमेझॉन आणि गूगलच्या यंत्रांआड लपलं, तेव्हा त्यांनी त्या कंपन्यांचे लाखो पत्ते अडवले. भलत्याच लोकांची दुकानं बंद पडली, टेलिग्राम चालूच राहिलं, आणि दोन वर्षांनी बंदी उठवावी लागली. पुढे त्यांनी वेगळा मार्ग धरला. मार्च २०२४पासून तिथे बंदी चुकवायच्या साधनांची माहिती पसरवायलाच मनाई झाली. हा लेख मी तिकडे लिहिला असता तर वरचे दोन परिच्छेद गाळावे लागले असते.

माझा पुतण्या बोटीवर आहे. कोकणातली निम्मी घरं कुठल्या ना कुठल्या बोटीला बांधलेली असतात, आमचंही त्यातलंच. बोट चीनच्या बंदरात लागली की त्याच्या आईच्या मेसेजवर एकच टिक राहते. २०१७पासून तिथे व्हॉट्सॲप चालत नाही. तिला आता बंदरं टिकेवरून कळतात. एक टिक चार दिवस राहिली की ती शेजारणीला सांगते, "चायनात आसा." चिनी लोक बंदी चुकवायच्या उद्योगाला भिंतीवरून उडी मारणं म्हणतात, आणि सगळ्यात प्रसिद्ध उडी भिंतीच्या जनकाची आहे. फांग बिनशिंग ह्यांना त्या भिंतीचे पिता म्हणतात. २०१६मध्ये ते हार्बिनच्या विद्यापीठात भाषण देत होते. दाखवायची साइट त्यांच्याच भिंतीने अडवली आणि त्यांना भर सभेत व्हीपीएन लावावं लागलं. हे पुतण्याने मला सांगितलं तेव्हा मी समजलो की बोटीवरची थाप. थाप नव्हती.

सावंतवाडीत व्हीपीएन पहिल्यांदा कोण शिकलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर हा लेख फारच पवित्र होईल. २०१८च्या शेवटी आठशेच्या वर अश्लील साइट बंद झाल्या तेव्हा कॉलेजची पोरं काउंटरवर कोपर टेकून हळू आवाजात विचारायची, "काका, ता चालू करून देशात?" २९ जून २०२०ला टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप गेली तेव्हा दुसरी लाट आली, त्यात भजनी मंडळातला एक पखवाजवालाही होता, त्याचे बरेच चाहते त्याच्यावर होते. मग पबजीची. हल्ली सट्ट्याच्या ॲपवाले येतात, त्यांना मी हाकलून देतो. स्वातंत्र्यासाठी म्हणून व्हीपीएन मागायला माझ्या दुकानात आजतागायत कोणी आलेलं नाही.

एकजण मात्र असा आला की त्याला व्हीपीएनचाही उपयोग नव्हता. डिसेंबर २०१९. थंडीत गोव्यातून फिरत फिरत येणारा एक काश्मिरी शालवाला, दरवर्षीचा. ५ ऑगस्टपासून त्याच्या घरी इंटरनेट नव्हतं. आवाज यायचा, तोही शेजारच्या पोस्टपेड फोनवर. चेहरा बघून चार महिने झाले होते. काकीच्या बरोबर उलटं. धाकट्या भावाला परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, मुदत दोन दिवसांवर. तिकडे फॉर्मसाठी पोरं रेल्वेने बनिहालला जात होती, नेट मिळतं म्हणून, आणि तिथे रांगा.

आम्ही तो फॉर्म सावंतवाडीत भरला. भाऊ फोनवर एकेक अक्षर सांगत होता, शालवाला ते मोठ्याने म्हणत होता, मी टाइप करत होतो. 'एम फॉर मँगो' म्हणताना तो माझ्याकडे बघून हसला, आंब्याच्या मुलखात म्हणून. ओटीपी शालवाल्याच्या नंबरवर घेतला, कारण भावाचं प्रीपेड मेलेलं होतं. फोटो कुठून आणायचा? पाकिटात घरच्या सगळ्यांचा एक जुना फोटो होता. तो स्कॅन करून त्यातून भावाचं डोकं कापलं, मागच्या भिंतीवरचा गालिचा पुसून पांढरा केला आणि ५० केबीत बसवलं. आईचा खांदा थोडा त्यात राहिला, तो काही केल्या जाईना. सही शालवाल्यानेच केली. हे इथे लिहावं की नाही असा विचार केला, पण आता लिहून झालं. फॉर्म गेला. मी पैसे घेतले नाहीत, त्याने एक मफलर ठेवली. तिच्यातली लोकर किती खरी ते मला माहीत नाही, पण सावंतवाडीत मफलर वापरायचा प्रसंगच कमी.

त्यानंतर महिनाभरात, १० जानेवारी २०२०ला, अनुराधा भसीन खटल्याचा निकाल आला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. मी तो निकाल काकीच्या भाषेत वाचतो: घालवलीत तर घालवली असं सांगा, आणि 'नी' म्हणजे कोण तेही छापा. काश्मीरला त्या महिन्यात टूजी मिळालं, तेही ठरावीक साइटींपुरतं. लोकांनी व्हीपीएन लावून बाकीचं उघडलं, तर फेब्रुवारीत पोलिसांनी गुन्हा नोंदवला. फोरजी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. २०२३च्या जूनमध्ये घाटावर कोल्हापुरात नेट बंद झालं, तेव्हा माझ्या कागदवाल्याचे पैसे अडकले. मी कुतूहलाने त्या बंदीचा आदेश शोधला. दोन संध्याकाळी घालवल्या, मला सापडला नाही.

व्हीपीएनचं आपल्याकडे काय, तर त्यावर देशभर सरसकट बंदी नाही. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, फर्मान काढलं की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर पाच वर्षं जपून ठेवायचे. जी गोष्ट लोक नाव सांगायचं नाही म्हणून विकत घेतात तिच्या दुकानात वही ठेवायची. मोठ्या कंपन्यांनी आपली यंत्रं देशाबाहेर नेली. जानेवारी २०२५मध्ये काही व्हीपीएन ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून नाहीशी झाली. माझ्याकडे एकाने येऊन तक्रार केली की सापडत नाही, बहुतेक नाव चुकतंय. नाव बरोबर होतं.

आता दुसरी बाजू. ती टाळून हा लेख पुरा करणं मला जमणार नाही, कारण तीही कोकणातलीच आहे, उत्तर टोकाची. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, दोघींना अटक झाली. त्याच संतापातून ६६अविरुद्धचा खटला उभा राहिला. आणि त्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्याला, १६ एप्रिल २०२०च्या रात्री मुलं पळवणारे आल्याच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर ठार मारला. लॉकडाऊन होता, लोक रात्री पहारे देत होते. त्या आठवड्यांत तसले मेसेज माझ्या फोनवरही आले होते. आमच्या वाडीतल्या पोरांनी काठ्या घेऊन साकवावर पाळी लावली होती आणि मीही एक रात्र त्यात होतो. रात्री दोन वाजता एक अनोळखी बाइक आली. आम्ही ती अडवली, टॉर्च तोंडावर मारला. तो दूधवाल्याचा जावई निघाला. पण तो निघेपर्यंतचं जे अर्धं मिनिट होतं त्यात माझ्या हातातली काठी कशी धरली होती ते मला आठवतं. त्या रात्री कुणी नेट बंद केलं असतं तर मी हरकत घेतली नसती.

म्हणून कलेक्टरच्या जागी बसून विचार केला की मला सोपं उत्तर सापडत नाही. फक्त एवढं दिसतं की अफवा आधी पोचते, बंदी मागून येते, आणि ती येते तेव्हा अफवा खोटी आहे हे सांगणारा मेसेजही तिच्यात अडकतो. साकवावर आम्हाला पोलिसपाटलाचा फोन आला असता तर काठ्या खाली गेल्या असत्या. फोन करायला रेंज लागते.

रत्नागिरीला गेलो की मी थिबा राजवाड्यात जाऊन बसतो. ब्रह्मदेशचा राजा मंडालेहून आणून इंग्रजांनी इथे ठेवला, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८मध्ये सहा वर्षांसाठी मंडालेला नेलं. साहेबाचा हिशेब चोख, एक आणला, एक नेला. तिथे टिळकांना लिहायला सुटे कागद मिळत नसत. पानं मोजून बांधलेल्या वह्या आणि शाईऐवजी पेन्सिल. काय लिहिलं ते वाचण्याआधी किती पानं हे मोजायचं. आजच्या कंपन्या जपून ठेवतात तो डेटा दुसरा काय असतो? त्याच वर्षी आमच्या महाडचे शिवरामपंत परांजपे आत गेले, १९ महिने. 'काळ' पत्रात ते असं वक्र लिहीत की वाचणाऱ्याला कळे आणि सरकारी भाषांतरकाराची पंचाईत होई. वऱ्हाडाची गाडी म्हणतो ती हीच. त्यांच्या निवडक निबंधांवरची बंदी उठायला १९३७ उजाडलं, तोवर ते गेले होते.

मंडालेत आज पुन्हा तेच चाललंय. फेब्रुवारी २०२१मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि काही दिवसांत फेसबुक बंद केलं. लोक व्हीपीएनवर गेले. २०२४मध्ये व्हीपीएन अडवायला सुरुवात झाली. रस्त्यात शिपाई फोन मागून बघतात, आत काय वाचलंय ह्यापेक्षा व्हीपीएन आहे का ते. २०२५च्या नव्या कायद्यात परवानगीशिवाय व्हीपीएन पुरवणाऱ्याला तुरुंग आहे. थिबा राजवाड्याच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. राजा त्याच्याकडे बघत बसायचा म्हणे. मला तिथे बसलं की त्या पेन्सिली आठवतात.

गेल्या रविवारी काकी आली. ऊन होतं, आभाळ स्वच्छ. तिने फोन ठेवला, आणि ह्या वेळी तो तिच्या हातातच वाजला. उचलला. कनेक्टिंग, कनेक्टिंग, आणि झिल आला. बनियनवर, मागे दोरीवर सात-आठ जणांचे कपडे. काकी फोनच्या फार जवळ गेली, त्याला बहुतेक तिचं नाकच दिसत असेल. "बारीक झालंस रे," ती म्हणाली. तो म्हणाला, काही नाही गे, कॅमेऱ्यात दिसतं तसं. तिने पिशवीतून फणसाची साठं काढून त्याला दाखवली, एकेक, वाळली आहेत की नाही ते बघायला सांगत. मी हिशेबाची वही उघडून उगाच आकडे बघत राहिलो.

चौथ्या साठावर तो थांबला. तोंड उघडं, हात कपाळाशी, तसाच. मग काळं.

काकीने फोन हलवला. माझ्याकडे बघितलं. विचारलं काहीच नाही.

मोडेमचे दिवे हिरवे होते. मी मागचं दार उघडून परसात गेलो. केबल भिंतीपासून खांबापर्यंत नीट होती. फणसावर कोणी नव्हतं.